घरचा कॅरम बोर्ड की क्लबचा जुना?



जुनी वस्तू दुरुस्त करावी की दुसरी घ्यावी, हे तिचा सांगाडा बघून ठरवावे, असे मी तीस वर्षांच्या नोकरीत गावोगाव सांगत आलो. विहिरीवरच्या मोटारीचे वायंडिंग जळाले तर पुन्हा भरून मिळते. पण बॉडीलाच तडा गेला असेल, तर तिच्यावर पैसा घालणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे होय. गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्याच घरात आला, आणि तोही एका कॅरम बोर्डावरून. हसू नका, पुढे वाचा.

माझी धाकटी मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या कॅरम संघात तिची निवड झाली. सरावाला घरी बोर्ड हवा, असे ती म्हणू लागली. मोबाइल सोडून पोर काहीतरी मागते आहे, याचेच मला समाधान वाटले. तालुक्याच्या गावी एक क्लब आपले वापरलेले बोर्ड बावीसशे रुपयांना काढत होता. मी जायला निघालो, तेव्हा मंडळी म्हणाल्या, "थोरल्या भाऊजींच्या माळ्यावर आपला बोर्ड आहे की. तो दुरुस्त होतो का, ते आधी बघा."

मी गप्प बसलो. तो बोर्ड वडिलांनी १९८३ साली गुळाची पट्टी आल्यावर आणला होता. आण्णा आणि मी त्यावर रात्र रात्र खेळलो. पुढे २०१२ साली वाटण्या झाल्या. त्यात बोर्ड आण्णांकडे गेला आणि सोंगट्यांचा डबा माझ्याकडे राहिला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागला होता, त्यामुळे ना त्यांनी सोंगट्या मागितल्या, ना मी बोर्ड मागितला. दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन तंटे मिटवणारा मी. पण एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाच्या सोप्यात लग्नकार्याशिवाय पाऊल टाकले नव्हते.

शेवटी पोरीसाठी म्हणून गेलो. "आण्णा, बोर्ड बघायचा होता."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोंगट्या आहेत काय तुझ्याकडं?"

"आहेत."

"मग बस. शिडी आणतो."

बोर्ड खाली आला. आता तो कसा तपासला ते सांगतो. तुमच्याही उपयोगी पडेल. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला. मध्ये चांगली दोन सूत पोकळी दिसली, म्हणजे प्लाय खाली बसला होता. अशा बोर्डावर सोंगटी आपोआप मधे ओघळते. चौकटीला टाचणीच्या टोकाएवढी भोके होती आणि बोटाला पिठासारखा भुसा लागला; लाकूड पोखरणारा किडा आत असल्याची ती खूण. मापही घेतले. आतली बाजू सव्वीस इंच भरली. सामन्याच्या बोर्डाचा खेळायचा भाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एकोणतीस इंच असतो. लहान बोर्डावर हात बसला, की मोठ्या बोर्डावर मार तोकडा पडतो आणि कोन चुकतात.

सुताराने नव्या प्लायचा आणि मजुरीचा मिळून चौदाशेचा अंदाज सांगितला. सगळे करूनही चौकट किडकी आणि माप अपुरे ते अपुरेच राहणार. सोंगट्या, जाळ्या, दिवा, स्टँड या गोष्टी केव्हाही बदलता येतात. माप आणि चौकट बदलता येत नाही. म्हणून दुरुस्तीवर फार खर्च करायचा नाही, असे ठरले. आण्णा म्हणाले, "क्लबचा बोर्ड घ्यायला मी येतो. तुला रंगच दिसतो."

त्यांचे म्हणणे खरे ठरले. मला जो चकचकीत बोर्ड आवडला, त्याचे पॉलिश नवे होते. पण घासून घासून वरचा पापुद्रा इतका पातळ झाला होता, की खालच्या थराचे डाग दिसत होते. आण्णांनी मळकटसा दुसरा निवडला. आडवा धरून कडेने नजर टाकली, खालच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. मग पावडर टाकून स्ट्रायकर जोरात मारला. पृष्ठभाग चांगला असेल तर तो समोरासमोर साडेतीन फेऱ्या घेतो. चारही बाजूंनी मारून पाहिल्यावर एका बाजूने स्ट्रायकर मेल्यासारखा परत येऊ लागला. कोपऱ्याचा सांधा सैल होता. तो दाखवल्यावर क्लबच्या माणसाने तीनशे रुपये कमी केले. गावी सुताराने सरस भरून, एक रात्र आवळून ठेवून तो सांधा पक्का केला.

स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपेक्षा जड नसावा आणि सोंगट्या पाच ते साडेपाच ग्रॅमच्या, सारख्या असाव्यात. माझ्या डब्यातल्या सोंगट्या झिजून कमीजास्त झाल्या होत्या, म्हणून सामन्याच्या सरावाला नव्या घेतल्या.

जपणुकीचेही ऐका. बोर्ड ओल्या फडक्याने पुसू नये. उन्हात ठेवू नये आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये. पिठाने किंवा अंगाला लावायच्या पावडरीने काम भागवू नये, पृष्ठभाग चिकट होतो. बोरिक पावडर वापरावी, पण ती पोटात गेली तर विषारी असते. बोरॉनच्या कमतरतेसाठी आपण जे बोरिक ॲसिड फवारतो, तेच ते. लहान मुलांच्या हाती डबी देऊ नका आणि खेळून झाल्यावर हात धुवायला लावा.

हा खेळ रिकामटेकड्यांचा, असे कोणी म्हणाले तर सांगा, की १९८८ साली चेन्नईत त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि तामिळनाडूच्या मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार कॅरमसाठीच मिळाला.

मुलगी जिल्ह्याला दुसऱ्या फेरीत हरली. तिला त्याचे वाईट वाटले, पण सराव सुटला नाही. रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या, की आण्णा येतात आणि तिला रिबाउंड शिकवतात. वडिलांचा बोर्डही फेकला नाही. कीड मारून, खाली दोन पट्ट्या ठोकून तो बारक्या पोरांसाठी सोप्यात ठेवला आहे. त्यावर त्या जुन्याच सोंगट्या असतात.

पाण्याच्या पाळीचा तंटा मिटला असे मी म्हणणार नाही. पण परवा सोंगट्या मांडता मांडता आण्णा म्हणाले, "गुरुवारची पाळी तू घे, माझा ऊस अजून आठ दिवस थांबतो." अकरा-बारा वर्षांत हे बोलणे झाले नव्हते.

तेव्हा बंधु-भगिनींनो, वापरलेला बोर्ड घेताना माप, सपाटी आणि चौकट नीट बघून घ्या. पण त्याआधी एकदा माळ्यावर चढून बघा. माळा भावाच्या घरात असला, तर अगोदर तिकडे जा.