छतावरची डिंगी

संपादकांनी विषय दिला 'नदी आणि आपण'. माझा धंदा नौकांच्या स्थैर्याचं गणित करण्याचा, त्यामुळे नदीवर जे तरंगतं त्याबद्दलच मी अधिकारानं लिहू शकतो. शिवाय एक प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही, तेही सांगून टाकतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका जलाशयावर पर्यटकांसाठी केबिनवाली मोटरबोट आणली होती. वजन सुमारे चार टन, बांधणी चांगली. मालकानं सुरक्षेसाठी म्हणून केबिनच्या छतावर एक डिंगी, म्हणजे छोटी नाव, बसवून घेतली. तिचं छोटं इंजिन धरून 120 किलो. मला बोलावलं ते फक्त सही करायला.

मी सही करण्याआधी चाचणी घेतली. तिला यंत्र लागत नाही. केबिनमध्ये गवंड्याचा ओळंबा मीटरभर दोरीवर टांगला, खाली पट्टी ठेवली. पन्नास-पन्नास किलोची दोन तांदळाची पोती एका बाजूहून दुसऱ्या बाजूला दोन मीटर सरकवली. डिंगी नसताना ओळंबा सव्वाआठ सेंटिमीटर सरकला. डिंगी चढवल्यावर सव्वानऊ. मालक म्हणाले, "एका सेंटिमीटरसाठी एवढं?"

हो, त्यासाठीच. बोट कलली की तिचा पाण्याखालचा आकार बदलतो, पाण्याचा वर ढकलणारा रेटा खालावलेल्या बाजूकडे सरकतो आणि बोटीला सरळ करतो. हा रेटा ज्या बिंदूतून लागतो असं धरता येतं त्याला मेटासेंटर म्हणतात. 1746 साली पिएर बुगेर या फ्रेंच गणितीनं तो मांडला. बोटीचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेपर्यंत बोट परत सरळ होते. दोहोंमधलं अंतर हीच बोटीची शिल्लक. या बोटीची शिल्लक साठ सेंटिमीटर होती. 120 किलो वजन गुरुत्वमध्यापासून अडीच मीटर वर ठेवलं की बोटीचा एकूण गुरुत्वमध्य सात सेंटिमीटर वर चढतो. त्यात बारा प्रवासी पाखरं बघायला उभे राहिले की आणखी चारेक सेंटिमीटर गेले. आणि पाखरं बहुतेक एकाच बाजूला असतात.

डिंगी छतावर सुलटी ठेवली तर पावसाचं पाणी तिच्यात साचतं, ते वजन वर तर वर, शिवाय कलत्या बाजूला धावतं. म्हणून ती पालथीच ठेवावी. मागे टांगली तर दुसरी भानगड: टांगलेलं वजन झोके घेऊ लागलं की ते टांगणीच्या टोकाशीच आहे असं धरून हिशेब करावा लागतो. सगळ्यात बरं म्हणजे ती मागे पाण्यात ओढत न्यावी. जलाशयात लाटा नाहीत, तिथे काहीच अडत नाही. हे सांगितलं तर उत्तर मिळालं की पर्यटकांना ती वर दिसली पाहिजे, विश्वास वाटतो.

हा विश्वास महाग पडू शकतो. 1912 साली टायटॅनिक बुडाली, बचावनौका अपुऱ्या होत्या म्हणून जगभर ओरड झाली. मार्च 1915 मध्ये अमेरिकेत बचावनौका वाढवायला लावणारा कायदा झाला. शिकागोची 'ईस्टलँड' ही बोट मुळातच वर जड म्हणून ओळखली जायची. तिच्यावरही नव्या बचावनौका आणि तराफे चढवले गेले. 24 जुलै 1915 रोजी सहलीला निघालेले अडीच हजारांहून अधिक लोक घेऊन ती धक्क्याला बांधलेली असतानाच आडवी झाली. 844 माणसं गेली, काठापासून हाताच्या अंतरावर. त्या जादा नौका हे एकमेव कारण नव्हतं, पण डळमळीत बोटीवर त्यांनी भर घातली.

आता आमच्या डोंग्यांकडे, म्हणजे वल्ह्यानं चालणाऱ्या अरुंद नावांकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा. गडचिरोलीत पूल लांब पडतो तिथे डोंगाच. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. त्यानंतर मला जो भेटला त्यानं एकच विचारलं: किती जणी बसल्या होत्या? बातम्यांतही तेवढंच. वजन किती हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, काठ पाण्याला किती टेकला ते त्यावरून कळतं. पण वजन कुठे, किती उंचीवर, हे कोणी विचारत नाही.

अरुंद डोंग्यावर चार माणसं आणि एक मोटरसायकल धरा. गाडी 110 किलो, माणसं आणि डोंगा मिळून साडेचारशेच्या आसपास. गाडी उभी ठेवली की गुरुत्वमध्य पाच-सहा सेंटिमीटर वर जातो. म्हणजे जवळपास तेवढाच, जेवढा त्या मोटरबोटीचा डिंगीनं गेला. फरक एवढाच की मोटरबोटीकडे साठ होते आणि डोंग्याकडे दोन बोटांची शिल्लक असते, कधी तीही नसते. नावाडी वल्ह्यानं आणि अंगानं तोल सांभाळत असतो. "बसून घ्या जी, उभं नोका राहू," हे तो ओरडून सांगतो त्यात बुगेरचं सगळं गणित आहे. वरून येणारे साहेब मात्र त्यालाच अडाणी ठरवतात.

माझं अनेकांशी वाजलेलं भांडण जोडडोंग्याचं आहे. दोन डोंगे हातभर अंतर ठेवून आडव्या लाकडांनी बांधायचे आणि मध्ये गाडी ठेवायची. बैठकीत मी हे मांडलं की कपाळावर आठ्या पडतात: जुगाड, धोकादायक, बंद करा. अहो, स्थैर्य रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. एकाच डोंग्याची रुंदी दुप्पट केली तर पाण्याच्या पातळीवरचं बळ आठपट होतं. दोन डोंगे दूर ठेवले तर त्यांच्या अंतराच्या वर्गाचा फायदा मिळतो, हिशेब सहज दसपटीपर्यंत जातो. दोष आहेत, ते मी लपवत नाही. दोऱ्या कुजतात, आडवी लाकडं सैल होतात, एका डोंग्यात पाणी शिरलं तर दुसरा त्याला तारेलच असं नाही. पण हे दोष नटबोल्टनं आणि पाणी उपसण्याच्या डब्यानं सुटतात. एकट्या डोंग्यावर उभ्या गाडीचा दोष कशानंही सुटत नाही. जोडडोंगा बंद केला की लोक नदी ओलांडायचं थांबत नाहीत, एकट्या डोंग्यावर जातात. हे मी किती वेळा सांगायचं?

2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नौकांसाठीही तरतुदी आहेत आणि त्यांची नोंदणी स्थानिक पातळीवर व्हावी अशी त्यामागची कल्पना आहे. म्हणून नदीकाठच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती: प्रत्येक डोंग्याच्या बाहेरून काठाखाली वीतभर रंगाची रेघ मारा, ती बुडाली की एक माणूस उतरवा. मोटरसायकल फक्त जोडडोंग्यावर, तीही मधोमध. आणि पर्यटनाची बोट सुरू करणाऱ्यांनी दोन पोती, एक ओळंबा आणि अर्धा दिवस द्यावा. चाचणी करून द्यायला मी येतो, पैसे लागत नाहीत.