चार बोटांचा हट्ट

खिशातल्या चाकूची मूठ चारही बोटांना पुरली पाहिजे, हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. मित्रांपैकी कुणी घडीचा चाकू घ्यायचा म्हणाला की आधी त्याचा पंजा बघायचो आणि तळव्याच्या रुंदीहून बोटभर लांब मूठ घे, असा सल्ला द्यायचो. लाकडी मुठीच्या बाबतीत आजही तेच सांगेन. तांब्याच्या मुठीपुरता मात्र मी तो सल्ला मागे घेतला आहे.

कारण वजन. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियम 2.7 ग्रॅम भरतं, टायटॅनियम साडेचार आणि तांबं जवळजवळ 9. पण चाकू घेताना घनता कुणाला आठवते? डोळ्यांत भरते ती तांब्याची लालसर झळाळी. 10 सेंटिमीटर लांब, अडीच रुंद आणि 3 मिलिमीटर जाड अशा दोन भरीव तांब्याच्या पट्ट्या धरा. नुसत्या त्यांचंच वजन 134 ग्रॅम होतं. पातं आणि आतलं पोलाद वेगळंच. असा चाकू सदऱ्याच्या खिशात ठेवला तर खिसा लोंबतो, पॅंटच्या खिशात ठेवला तर जिना चढताना मांडीवर आपटतो. शेवटी त्याची रवानगी टेबलाच्या खणात होते. खणातच ठेवायचा, तर घरातली सुरी काय वाईट होती?

आता त्याच पट्ट्या साडेसात सेंटिमीटर लांब, 1.8 रुंद आणि 2 मिलिमीटर जाड करून बघा. वजन 48 ग्रॅम! लांबी फक्त पाव हिश्शाने घटली, पण तिन्ही बाजूंनी थोडं थोडं उतरल्यामुळे भार तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आला. हा हिशेब मांडला आणि माझं मत फिरलं.

तीन बोटांची पकड डळमळते, हा माझा जुना आक्षेप. हलक्या मुठीत ती डळमळतेच. पण तांब्याची मूठ आखूड असली तरी तळव्यात बसल्याची जाणीव देते. करंगळी खाली मोकळी राहिली तरी बिघडत नाही. शिवाय खिशातल्या चाकूने आपण कापतो काय? कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी, सुतळी, लिंबू, फार तर सफरचंद. तिथे जोर नको, धार हवी.

आखूड पात्याचा एक तोटा मात्र कबूल करायलाच हवा. हापूसची फोड काढताना पातं सांध्यापर्यंत आत जातं आणि रस मुठीला लागतो. आंबट आणि तांबं यांचं जमत नाही. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवत नाहीत ते उगाच नाही. मूठ लगेच पुसावी लागते. काळवंडली तर काळवंडू द्यावी, असं माझं मत. लख्ख हवीच असेल तर चिंच-मीठ चालेल, पण ते सांध्यात शिरू देऊ नका. तांबं उजळेल आणि आतलं पोलाद गंजेल.

दुकानात आकार विचारतानाही घोळ होतो. व्हिक्टोरिनॉक्सचा 91 मिलिमीटर म्हणजे मिटलेल्या चाकूची लांबी. अमेरिकी चाकूंच्या वर्णनात 3 इंच लिहिलेले असतात ते बहुधा पात्याचे. त्यामुळे मी आता लांबीआधी ग्रॅम विचारतो. शंभराच्या पुढचं उत्तर आलं की परत देऊन टाकतो, कितीही देखणा असो. कलिंगड कापायचं असेल तर लाकडी मुठीचा मोठा चाकू आहेच की!

राहता राहिला ज्यांचा पंजाच मोठा आहे, त्यांचा प्रश्न. त्यांनी लांबी ठेवावी, जाडी सोडावी. जपानमधल्या मिकी गावचे हिगोनोकामी चाकू बघा. त्यांची मूठ भरीव नसते, धातूचा पत्रा दुमडून केलेली खोळ असते. बहुतेकदा ती पितळेची असते, पण तीच युक्ती तांब्यालाही लागू पडते. त्या चाकूला पातं अडकवणारा खटका नसतो. पात्याच्या मागची पोलादी जीभ अंगठ्याने दाबून धरावी लागते. तेव्हा मुलांच्या हाती देण्याआधी ते शिकवावं लागेल.