दहापैकी आठ

चि. मुक्ता,



तुझ्या उत्तराचा फोटो पाहिला. दहापैकी आठ! ताईने एव्हाना सगळ्या आळीला सांगितलं असेल. मीही शाबासकी देणार होतो, पण खालची तुझी ओळ वाचून टाळकंच फिरलं. 'मामा, कविता नीट वाचायला वेळ नव्हता, टर्म्स पाठ होत्या म्हणून निभावलं.' हे तू म्हणावंस? आजोबांच्या पुस्तकांच्या ट्रंकेवरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरलेली तू?

टर्म्ससाठी पुस्तक विचारलंस, त्याचं उत्तर आधी देतो. ॲब्रम्सचं 'अ ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स' बघ. १९५७ साली पहिल्यांदा निघालं, पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. लायब्ररीत जुनी मिळाली तरी भागेल. त्यात एकोळी व्याख्या नाहीत, छोटे छोटे लेख आहेत, त्यामुळे ते पाठ होत नाही. मला आवडतं ते त्याचसाठी.

आता वर्डस्वर्थच्या 'डॅफोडिल्स'कडे ये. तू लिहिलंस, ताऱ्यांची सिमिली, दहा हजारांची हायपरबोली, फुलं डोकी हलवतात हे पर्सॉनिफिकेशन, 'यामुळे कवितेचे सौंदर्य वाढते.' सौंदर्य वाढतं म्हणजे नेमकं काय होतं गं? लग्नाच्या हॉलला माळा लावतात तसं? आणि गंमत अशी, की हे तिन्ही अलंकार ज्या दुसऱ्या कडव्यात आहेत, ते कविता पहिल्यांदा छापली त्या १८०७ च्या पुस्तकात नव्हतंच! कविता तेव्हा तीन कडव्यांची होती. हे कडवं वर्डस्वर्थने १८१५ मध्ये घातलं.

म्हणून एक कर. दुसऱ्या कडव्यावर वही ठेव आणि उरलेलं मोठ्याने वाच. मोठ्याने, पुटपुटत नव्हे; रूममेट हसली तर हसू दे. मग वही काढून पुन्हा वाच. पहिल्या वाचनात फुलं तळ्याकाठी आहेत, बस्स. दुसऱ्यात ती आकाशगंगेपर्यंत पसरतात आणि कवी चक्क आकडा सांगतो. पुढच्याच कडव्यात तो म्हणतो, या देखाव्याने आपल्याला केवढी संपत्ती दिली ते तेव्हा उमगलं नाही. आधी मोजदाद आणि मग संपत्ती, लागला धागा? हे लिही, आणि हायपरबोली हा शब्द वाक्याच्या शेवटी येऊ दे. आधी काय घडतं ते, मग त्याचं नाव. नाव विसरलीस तरी निम्मे मार्क तुझेच.

अजून एक. कवितेत तो एकटा भटकतोय. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटरच्या काठी बहीण डोरोथी सोबत होती, तिच्या रोजनिशीत ती फुलं आणि तो सुसाट वारा आहे. कवितेतल्या दोन ओळी तर बायकोने, मेरीने सुचवलेल्या. मग बहिणीला वगळलं का? याला गाइडात उत्तर नाही. मला वाटतं, शेवटच्या कडव्यातल्या कोचावरच्या एकांतासाठी सुरुवातही एकट्यानेच व्हायला हवी होती. तुला वेगळं वाटलं तर भांड माझ्याशी, पण कविता समोर ठेवून.

कविता समोर ठेवून वाचणं सोपं नाही. समीक्षक आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये मुलांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि मत लिहायला सांगितलं. १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये ती मतं छापली आहेत. भल्याभल्यांना साधा अर्थसुद्धा लागला नव्हता! केंब्रिजची ही गत, तर टर्म्सच्या यादीवर विसंबणाऱ्या आपल्या पोरांचं काय होईल? तुम्हाला कोणी वाचू देत नाही, हेच माझं दुखणं आहे. प्रश्नपेढी, नोट्स, झेरॉक्स, की झालं इंग्रजी. (तुझे वडील म्हणतील, मामाची टेप सुरू झाली. म्हणू देत.)

पुढच्या वर्षी शेक्सपियर आहे, तिथे हे निभावणार नाही. आत्तापासून दिवसाला एक पान मोठ्याने वाच आणि त्यावर मनाने चार वाक्यं लिही, एकाही टर्मशिवाय. मला पाठव, लाल शाई वापरणार नाही.

आणि फोटो रात्री पावणेतीनला पाठवलायस. मेसचं जेवण बंद केलंस असंही ताई म्हणाली. डोकं दुखतं म्हणे. चष्म्याचा नंबर कधी तपासला होतास? पैसे लागत असतील तर ताईला न सांगता मला सांग.

तुझा,
मामा