एकट्यासाठी गॅस

रत्नागिरी, मंगळवार

चि. विसूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज विचारलंस, "ताई, नाश्त्याला ओट्स बरे की कॉर्नफ्लेक्स?" मी म्हटलं, कळवते. पण फोन ठेवल्यापासून डोक्यात ओट्सही नाहीत आणि कॉर्नफ्लेक्सही नाहीत. बोलण्याच्या ओघात तू दोन वाक्यं टाकलीस, तीच घोळताहेत. एक, "एकट्यासाठी कोण गॅस पेटवणार?" आणि दुसरं अगदी शेवटी, पावसाच्या गप्पांत मिसळून दिलेलं: "परवा संगमावर जरा गरगरलं, दरदरून घाम आला, बाकावर बसलो, बरं वाटलं." मुलं आजूबाजूला होती म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता लिहिते आहे. सगळं वाच. नेहमीसारखा शेवटचा परिच्छेद वाचून घडी करून ठेवू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. ओट्स वाईट नाहीत. त्यातल्या तंतूमुळे कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे खरं आहे. आणायचेच तर साधे आण, मसाल्याची पुडी असलेले आणू नकोस. त्यात मीठ फार असतं. कॉर्नफ्लेक्स अमेरिकेत बॅटल क्रीक नावाच्या गावच्या आरोग्यधामात जन्माला आले, तिथल्या रोग्यांना पचायला हलकं आणि बेचव असं काहीतरी द्यावं म्हणून. तू रोगी नाहीस. आणि मारी बिस्किटं हलकी असतात हे तुला कोणी सांगितलं? मैदा, साखर आणि तेल. चार बिस्किटं चहात बुडवून खाल्ली म्हणजे नाश्ता झाला, असं यापुढे माझ्याशी बोलू नकोस.

आता तुझी सकाळ कशी जाते ते मीच तुला सांगते, कारण ती तू तुकड्या-तुकड्यांनी मला सांगितली आहेस. आता डेपोतून पहिली गाडी सोडायची नसली तरी चारला जाग येते. अंधारात बसून चहा. मग पेपर आणि दुसरा चहा. सहाला गोळी, "सकाळची" म्हणून, आणि सोबत बिस्किटं. मग संगमापर्यंत चालत जाऊन परत. आल्यावर आणखी एक चहा. डबा येतो अकराला. आदल्या रात्रीचं जेवण साडेसातला. मोजून पाहा: साडेपंधरा तास तुझ्या पोटात अन्न म्हणावं असं काही नाही, आणि त्यातच गोळी आणि त्यातच चालणं.

विसू, ती गोळी कसली आहे हे तू पाकिटावर वाचलं आहेस का? ग्लिमेपिराइड आहे त्यात. मेटफॉर्मिन निराळं, त्याने एकट्याने साखर फारशी धोक्याच्या खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं कामच मुळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावायचं. पोटात अन्न असो नसो, ते सुटतं. म्हणून ती नाश्त्याच्या ताटावर बसून घ्यायची असते. वय वाढलं की मूत्रपिंडं पूर्वीसारखी झपाट्याने काम करत नाहीत, औषध अंगात रेंगाळतं, आणि पन्नाशीत जी मात्रा सोसली ती सत्तरीत जड पडते. वॉर्डात अशी माणसं मी किती पाहिली! सकाळी घरचे उचलून आणायचे, बोलणं अडखळतंय, हातपाय गार, कपडे घामाने चिंब, सगळ्यांना वाटायचं अर्धांगाचा झटका. शिरेतून ग्लुकोज गेलं की काही मिनिटांत माणूस उठून विचारायचा, मी इथे कसा? नातेवाईक हसायचे, रडायचे. मला मात्र दरवेळी वाटायचं, ह्याला कोणी वेळेवर गाठलं म्हणून. बाकावर एकटाच असता तर?

तुझ्या बीपीच्या गोळीबद्दलही डॉक्टरांना विचार. त्यातल्या काही प्रकारांनी छातीतली धडधड आणि हाताची थरथर झाकली जाते, साखर उतरल्याचं कळतच नाही. घाम मात्र झाकत नाही. आणि तुला घाम आला होता.

मनाने गोळी बंद करायची नाही. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि संगमावरचं जसंच्या तसं सांग. "जरा" हा शब्द गाळून सांग.

मला आठवतंय, डेपोत तुझी रात्रपाळी असायची आणि पहाटेच्या स्वारगेट गाडीचा चालक आधी काही खाऊन आलाय की नाही हे तू विचारल्याशिवाय गाडी सोडायचा नाहीस. कँटीन उघडलेलं नसलं तर स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायचास. घरी तुझी सुमन चिडायची, एक पोळी नेहमी जास्त द्यावी लागते म्हणून, पण द्यायची. पन्नास माणसं ज्याच्या हातात त्याच्या पोटात काहीतरी हवं, असं तू मला सांगितलं होतंस. दरवर्षी 1 जूनला तू फोन करून आठवण देतोस, की 1948 साली ह्याच दिवशी पहिली एसटी सुटली, नगर ते पुणे. त्या खात्यात ज्याने आयुष्य घातलं, चालकाच्या पोटाची काळजी केली, तो आज स्वतःला उपाशीपोटी रस्त्यावर सोडतो? हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

आणि ते "एकट्यासाठी कोण". हे वाक्य आपल्या घरात फार जुनं आहे. आई हेच म्हणायची. सगळ्यांची न्याहारी झाली, दादा रानात गेले, आपण शाळेत गेलो, की चूल विझायची. ज्वारीची शिळी भाकरी कोपऱ्यात ताकात कुस्करून, तीही उरली तर, नाहीतर चहाचा तळ. माझ्यासाठी एकटीसाठी काय चूल पेटवायची, म्हणायची. तिचं हिमोग्लोबिन किती होतं ते मिरजेला कळलं, आणि नंतरचं तुला माहीत आहे. सुमनचंही तेच. पंगतीत सर्वांत शेवटी, उभ्याउभ्या, पातेल्यातच. तुझ्या घरात आता ते वाक्य तू बोलायला लागलास, आणि मला कालपासून चैन नाही. माझं म्हणणं असं आहे, आणि मी ते कोणापुढेही मांडीन: माणूस एकटा राहिला की त्याच्यासाठी आधी गॅस पेटायला हवा. भरल्या घरात एखाद्याने खाल्लं नाही तर कोणीतरी विचारतं. एकट्याला विचारणारं त्याचं ताटच. ते मांडलं नाही तर हळूहळू दाढी राहते, मग आंघोळ अकराला, मग लुंगीवरच दिवस. निवृत्त माणसांना मी असं उतरताना पाहिलंय. सुरुवात दरवेळी नाश्त्यापासून होते. पेन्शन, प्रकृती, मुलं दूर, ही सगळी कारणं नंतर जोडली जातात.

तू म्हणशील, स्वयंपाक येत नाही. तळ्याकाठच्या खोलीत असताना स्टोव्हवर पिठलं कोण करायचं? तेव्हा यायचं, आता का येत नाही?

इथे आमच्याकडे म्हातारी माणसं सकाळी उकड्या तांदळाची पेज घेतात, सोबत लोणच्याची फोड. मला लग्नानंतर ती आजाऱ्याची वाटायची, आपण भाकरीची माणसं. आता मी स्वतः घेते. पण तुझ्या साखरेला भातापेक्षा ज्वारी बरी, म्हणून तुला उकड सांगते, ज्वारीच्या पिठाची. लिहून घे. अर्धी वाटी पीठ, वाटीभर आंबट ताक आणि तेवढंच पाणी. पीठ आधी थंड ताकातच कालव, गुठळी बोटाने फोड; गरम पाण्यात पीठ टाकलंस तर गुठळ्याच खाव्या लागतील. छोट्या कढईत चमचाभर तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण चार पाकळ्या, एक मिरची, कढीपत्ता. लसूण तांबूस झाला की कालवलेलं ओत आणि हात थांबवू नकोस. आधी पातळ वाटेल, मग घट्ट येईल, मग कडेपासून सुटून कालथ्याभोवती गोळा होईल. तेव्हा आच बारीक, झाकण, पाच मिनिटं. ताटलीत काढून वर कच्चं तेल. मीठ बेताने. ह्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि चारपासून आठपर्यंत तुझ्याकडे वेळच वेळ आहे.

एका दिवशी हे, एका दिवशी नाचणीची आंबील. 2023 हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर झालं तेव्हा तूच मला कात्रण पाठवलं होतंस, आणि स्वतः मात्र बिस्किटं! 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण 120. पीठ रात्री ताकात भिजव, सकाळी शिजव, साखर-गूळ घालू नकोस. शेजारी मोड आलेली मटकी किंवा एखादं उकडलेलं अंडं घेच. ह्या वयात मांस झडतं, मांड्या बारीक होतात, मग बाकावरून उठताना हात टेकावा लागतो. वजनाच्या किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत. तुझं वजन बासष्टच्या आसपास; एका अंड्यात 6 ग्रॅम. उरलेलं कुठून येणार ते तू ठरव, पण चहातून येत नाही.

पोहे मी बंद म्हणत नाही. रविवारी कर, दाणे आणि मटार सढळ, पोहे मूठभर.

चारची जाग मोडणार नाही, ते मला कळतं. मग त्या वेळेला काम दे. मटकी फडक्यात बांधलेली असेल ती बघ, दाणे भाज, लसूण सोल, रेडिओ लाव. चहा एकच, आणि त्याच्या आधी पेलाभर पाणी. अंथरुणातून उठताना पाय खाली सोडून मिनिटभर बस, मग उभा राहा. उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. घाटाच्या पायऱ्या तर दव असताना मुळीच नकोत. आधी खाणं, त्यासोबत गोळी, मग तासाभराने चालणं, ह्याच क्रमाने. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐक आणि मला कळव.

आणि मोजायचं यंत्र कपाटात आहे ते बाहेर काढ. पट्ट्यांची मुदत संपली असेल, बघ. गरगरलं, घाम आला, ओठांभोवती मुंग्या आल्या, की साखर तीन-चार चमचे तोंडात, पंधरा मिनिटांनी पुन्हा माप. त्यानंतर घरी येऊन नीट जेव. नुसत्या साखरेवर थांबू नकोस, ती पुन्हा उतरते. बरोबर फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगून ठेव की तुला मधुमेह आहे. त्यात लाजायचं काय? मुलालाही सांग. त्याला काळजी नको म्हणून तू लपवतोस, आणि मग रात्री इथे मी छताकडे बघत पडते.

डॉक्टरांकडे जाऊन आलास की लगेच फोन कर. दुपार असो, रात्र असो.

तुझी,
ताई

ता. क. साखरेची पुडी शर्टाच्या खिशात ठेव, पँटच्या नाही. बसलेल्या माणसाला पँटच्या खिशात हात घालता येत नाही, आणि हात थरथरत असला तर मुळीच नाही. पुडी कागदाची कर, प्लॅस्टिकची गाठ दाताने सुटत नाही.