अवचटांशी माझं भांडण मिटलं

डॉ. अनिल अवचटांवर माझा जुना राग होता. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमबीबीएस झालेल्या माणसाने प्रॅक्टिस सोडून लिहीत बसावं? १९६९ साली 'पूर्णिया' आलं, पुढे हमाल, तंबाखू कामगार, यंत्रमागवाले. पुस्तकं आवडीने वाचली, पण मनात एकच: एक सरकारी जागा वाया गेली. इकडे चिखली-मेहकरकडे रात्रीबेरात्री डॉक्टर मिळत नाही आणि हे गृहस्थ बासरी वाजवतात!

लिहायची खुमखुमी मलाही होती. म्हणायचो, डॉक्टरने कशाला हिंडावं? गोष्टी आपल्या पायांनी ओपीडीत येतात. मग एका पावसाळ्यातली केस लिहून काढली. कीटकनाशक प्यायलेला पोरगा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अ‍ॅट्रोपीनवर अ‍ॅट्रोपीन. बाहेर ओट्यावर बाप, मांडीशी फवारणीचा पंप धरून. पंप शेजाऱ्याचा, दिवस मावळायच्या आत परत द्यायचा होता. नाव बदललं, गाव बदललं, कपाशीचं सोयाबीन केलं. कंपाउंडरला वाचून दाखवलं. पंपापाशी आलो तसा तो म्हणाला, "हे तं आपल्या मळ्यावाल्याच्या पोराचं हाय नं जी?"

ओळख पटेल अशी रुग्णाची हकिगत परवानगीशिवाय छापू नये, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहेच. पण मला अडवलं ते पंपाने. तो काढला तर उरतो केसपेपर. आणि परवानगी मागायची कशी? सलाइन लावणाऱ्या डॉक्टरला नाही म्हणायची सोय इथल्या माणसाला नसते. तो म्हणणार, "लिवा नं साहेब."

मग अवचट पुन्हा काढले. ती माणसं त्यांची पेशंट नव्हती. हमालाला वाटलं तर तो बोलायचा, नाहीतर पोतं उचलून चालू लागायचा. दवाखाना सुटला म्हणूनच हे लेखन झालं, असं आता वाटतं. (१९८६ साली पत्नी डॉ. सुनंदांबरोबर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेव्हा 'वाया' हा शब्दही मागे घेतो.) डॉ. रवी बापटांचं हॉस्पिटलातल्या अनुभवांवरचं 'वॉर्ड नं. पाच, केईएम' मला आवडतं. पण मुंबईच्या गर्दीत पेशंट हरवून जातो, चिखलीच्या बाजारात नाही.

दवाखाना मी सोडणार नाही. तेवढी हिंमत नाही, शिवाय कर्ज आहे. कथा छापायला पाठवली नाही. हल्ली रविवारी लोणारपलीकडे जातो, जिथे मला कोणी ओळखत नाही. परवा एक मेंढपाळ छान रंगला होता. मध्येच विचारलं, "तुमी करता काय?" खरं ते सांगितलं. त्याने गोष्ट तिथेच सोडली आणि धोतर वर करून गुडघा पुढे केला.