पंचवीस वाजून दहा मिनिटं

बसस्थानकावरचा फलक माणसांसाठी असतो. त्यावर ‘रात्री १.१०’ एवढंच लिहिलं तरी मुसाफिराला कळतं. कॉम्प्युटरला कळत नाही. आमच्या तालुक्यातल्या गाड्यांची वेळ शोधून देणारा एक लहानसा प्रोग्रॅम आम्ही चार-पाच जणांनी करायला घेतला, तेव्हा प्रोग्रॅमपेक्षा त्याला लागणाऱ्या फायलींनीच आम्हाला जास्त शिकवलं.

या फायलींचा जगभर चालणारा एक साचा आहे, जीटीएफएस नावाचा. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या वेळापत्रकापासून त्याची सुरुवात झाली. सगळा साधा मजकूर, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. एका फायलीत थांबे, दुसरीत मार्ग, तिसरीत फेऱ्या आणि चौथीत कुठली फेरी कुठल्या थांब्यावर कधी पोचते, कधी सुटते याची नोंद.

रात्री साडेअकराला सुटलेली गाडी एक वाजून दहा मिनिटांनी गावात पोचते. ती वेळ ०१:१०:०० अशी लिहिली, तर हिशेबाप्रमाणे गाडी सुटण्याआधीच पोचलेली असते! म्हणून २५:१०:०० लिहायचं. गाडी ज्या दिवसाची, त्याच दिवसाचे तास पुढे मोजत जायचे. आम्हाला यात फार नवल वाटलं नाही. आपल्या घरांत तारीख मगरिबला बदलते, भिंतीवरच्या कॅलेंडरात मध्यरात्री. दोन्ही हिशेब सांभाळतच आपण वाढलो.

जादा आणि रद्द गाड्यांसाठी वेगळी फाइल असते. तारखेपुढे १ म्हणजे त्या दिवशी गाडी आहे, २ म्हणजे नाही. दिवाळीच्या तारखा महिनोन्‌महिने आधी भरून ठेवता येतात. रमजान ईदची तारीख मात्र एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळपर्यंत पक्की होत नाही. चाँदची खबर आली, की आधी मुबारकबादी आणि मग फाइल.

खरा पेच नावांचा. साच्यात प्रत्येक थांब्याला एक संकेतांक आणि एक नाव. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. फायलीत नाव बदलायचं, संकेतांक तोच ठेवायचा. मग एकही फेरी तुटत नाही.

पण शोधणारा माणूस संकेतांक विचारत नाही. तो आपल्या तोंडातलं नाव सांगतो. आमच्याकडच्या एका फाट्याला कुणी दर्ग्याचा फाटा म्हणतं, कुणी मारुतीचा. फलकावर तिसरंच नाव. एकच नाव ठाऊक असलेला प्रोग्रॅम सरळ उत्तर देतो, ‘असा थांबा नाही.’ ज्या बड्या बी साठ वर्षं तिथंच उतरत आल्या, त्यांना हे उत्तर द्यायला आमचं मन धजेना. म्हणून आम्ही शेजारी आणखी एक यादी जोडली : नावं कितीही, संकेतांक एक. उस्मानाबाद विचारा, धाराशिव विचारा, गाडी तीच दिसते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. आज ती नोंद भरायची, तर यादीत त्या गावापुढे दोन नावं लिहावी लागतील. रस्ता एकच.

तुमच्या थांब्याला घरात काय म्हणतात, ते एकदा बुजुर्गांना विचारून लिहून ठेवा. फलकावर ते सापडणार नाही.