घोडपदेवचा साचा आणि लँकेशायरचा साचा

हार्बर लाईनवर कॉटन ग्रीनला उतरून पश्चिमेकडे चालू लागले की आपण घोडपदेवात शिरतो. स्टेशनाजवळची भव्य इमारत कापूस बाजाराची. हा बाजार पूर्वी कुलाब्याला होता. इथला कापूस काही गिरणगावात जाई, काही बोटीत चढून जपान-युरोप गाठी. त्या कापसामागून आणखी एक गोष्ट समुद्र ओलांडून ये-जा करीत असे, ती म्हणजे मजुरीची तुलना.

गिरणीमालकांचा हिशेब ठरलेला असे. लँकेशायरचा विणकर चार साचे सांभाळतो, मुंबईचा साचेवाला दोनच; मग इथला मजूर स्वस्त कसा? म्हणून दोनाचे तीन साचे करा. वाचकहो, सहा साच्यांवर तीन माणसे असतील तर या हिशेबाने दोनच उरतात. तिसऱ्याने कुठे जावे? 1928 साली दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले, त्यामागे हे मोठे कारण होते. आखूड धाग्याचा कापूस सारखा तुटतो, तुटलेला धागा जोडण्यात दिवस जातो, हे मालकांच्या हिशेबात नव्हते.

महागाईचेही तसेच. सरकारी लेबर ऑफिस 1921 पासून लेबर गॅझेट काढू लागले. त्यात मुंबईचे व इंग्लंडचे आकडे 1914 ला 100 धरून छापून येत. भाव किती चढले एवढेच त्यातून कळते. तिकडच्या 100 मध्ये पाव, लोणी, मांस. इकडच्या 100 मध्ये तांदूळ, ज्वारी, तूरडाळ. तिकडचा कामगार दोन मजली छोट्या घरात, इकडे बहुतेक कुटुंबे एका खोलीत, आणि मिळकतीचा निम्म्याहून जास्त भाग पोटाला.

पण आम्हाला खरी तुलना धोट्यात दिसते. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. लँकेशायरच्या बायाही तसाच ओढीत. तिथे तक्रार रोगराईची झाली आणि 1952 साली नियम करून ते धोटे बंद करण्यात आले. विणाईत बायांना पुरुषांच्याच दराने मजुरी मिळे. इथे मात्र तोच धोटा तोंडी लागतो म्हणून अस्पृश्य कामगाराला साचेखात्याचे दारच बंद! तो रिंगखात्यात, जिथे पगार कमी. मालकाने नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या कामगारानेच त्याला अडवले. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संप समितीपुढे ठेवला, तेव्हा कुठे मागण्यांच्या यादीत त्याला जागा मिळाली, तीही नाखुशीने. दोन देशांच्या मजुरीच्या तक्त्यांत या बंद दाराला रकाना नव्हता.

लँकेशायरच्या गिरण्या आधी बसल्या, आपल्या 1982 च्या संपानंतर. स्वस्त कापडाचे काम पुढे बांगलादेशाने उचलले. तिथे शिवणकामाच्या कारखान्यांत लाखो बाया आहेत आणि 2023 च्या डिसेंबरापासून किमान पगार 12,500 टका ठरला. मालक आता त्या आकड्याशी तुलना करतात.

घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या उंच इमारती आहेत. घर 225 चौरस फुटांचे.